मदत हवी आहे: पाच वर्षांच्या मुलाची फिजिओथेरपी व्हिडिओ कॉलवर, पोटऱ्या आखडत चालल्यात

धागाकर्ती (ऑगस्ट २०२०)
मुलगा ५ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, स्पास्टिक डायप्लेजिया (मेंदूच्या इजेमुळे मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू आखडतात). वॉकर धरून चालतो. मार्चपर्यंत आठवड्यातून दोनदा तालुक्याला फिजिओ, आता लॉकडाऊनमुळे फक्त व्हिडिओ कॉल. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रकाठी. ३ जूनच्या निसर्ग वादळानंतर वीज आली, पण नेट दुबळंच आहे आणि कॉल दर पाच मिनिटांनी गोठतो. पोटऱ्या कडक झाल्यात, टाच टेकत नाही. स्प्लिंट (पाऊल-घोट्याला आधार देणारा प्लास्टिकचा साचा) काढल्यावर घोट्याशी लाल वळ दिसतो. घरात साहित्य काहीच नाही. काय करता येईल?

चिरेबंदी
ताई, कॉलवर तपासणी करून घेण्याचा हट्ट आधी सोडा. गावात कमी पडतं ते अपलोड. तिकडच्या फिजिओ मॅडम तुम्हाला स्पष्ट दिसतात, पण त्यांना तुमचा मुलगा ठिपक्याठिपक्यांचा दिसत असतो. चालताना गुडघा मागे झटका खातो तो क्षणभरच, गोठलेल्या चित्रात निसटतो. क्लिपा आदल्या दिवशी पाठवा आणि कॉलवर नुसतं बोला, अगदी व्हिडिओ बंद ठेवून.

क्लिपा तीन, प्रत्येकी ३० सेकंद: बाजूने चालताना, समोरून चालताना, जमिनीवरून उभं राहताना. फोन आडवा, मुलाच्या कमरेच्या उंचीवर, अडीच मीटर लांब, स्टुलावर डब्याला टेकवलेला. हातात धरून मागे मागे फिरू नका. पडवीत काढत असाल तर फोन खळ्याच्या (अंगणाच्या) बाजूला ठेवून कॅमेरा घराकडे हवा. उलटं केलंत तर मुलाची नुसती काळी आकृती येते. चड्डी गुडघ्याच्या वर, एकदा अनवाणी, एकदा स्प्लिंट घालून. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर ते चित्र दाबून टाकतं.

पोटरीच्या ताणात बहुतेक घरी एकच चूक होते: चवडा धरून वर ढकलतात. त्याने पाऊल मधोमध मोडतं, टाच जागची हलत नाही आणि आपल्याला वाटतं घोटा वळला. मुलाला उताणं झोपवा, गुडघा सरळ. टाच तळहाताच्या वाटीत घ्या, तळवा तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर टेकवा, टाच किंचित आत वळवा, मग टाच खाली ओढत पाऊल हळूहळू वर. ३० सेकंद धरा, ५ वेळा, दोन्ही पाय, दिवसातून दोनदा. हिसके नकोत, हिसक्याने स्पास्टिक स्नायू उलट आवळतो. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच केलंत तर मूल कमी रडतं.

कडकपणा खरंच वाढतोय का, हे मापाशिवाय कळणार नाही. गुडघ्याखालचं बाहेरचं हाड, बाहेरचा घोटा आणि करंगळीच्या बाजूचं पावलाच्या मध्यावरचं हाड, अशा तीन ठिकाणी गंधाचा टिळा लावा. पाऊल वर ताणून धरलेलं असताना दुसऱ्या कुणाला तरी अगदी बाजूने, पायाच्या पातळीवर फोटो काढायला सांगा. तिरका काढला तर कोन खोटा येतो. दर रविवारी, त्याच वेळी. मॅडम फोटोवर कोन मोजू शकतील.

पायवाट
साहित्य घरातच आहे. १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, पाऊण मीटर तुकडा, त्याला गोधडी घट्ट गुंडाळून वर जुनं लुगडं शिवून टाका. घोड्यावर बसल्यासारखं बसवलं की मांड्या फाकतात. दोन्ही तळवे टेकले आणि गुडघे काटकोनात आले तर उंची बरोबर. पाय लोंबत असतील तर एक थर काढा.

चालायला पडवीच्या खांबांना दोन बांबू सुंभाने आडवे बांधा. उंची त्याच्या खुब्याइतकी, मधलं अंतर खांद्यांपेक्षा दोन्हीकडे तीन बोटं जास्त. बांबू उंच बांधला की पोर खांदे वर करून हातांवर लोंबकळतं, पायांवर भार येतच नाही. खाली काथ्याची चटई; पावसाळ्यात लादी ओलसर असते, नुसत्या लादीवर नको.

पायरी चढायला चिरा ठेवू नका, सात इंच त्याला फार होतात. पाट पुरे. पाटावर एक पाय ठेवून वर येणं, प्रत्येक पायाने ८ वेळा. आणि स्टुलावरून उठणं-बसणं जेवणाच्या आधी १० वेळा. आजीला ताट देण्यासाठी उठायला लावा, आकडा आपोआप भरतो. सलग तासभर नको, १५ मिनिटांच्या तीन फेऱ्या करा.

तिठा
लाल वळाबद्दल. काढल्यावर अर्ध्या तासात गेला तर हरकत नाही. त्यापुढे राहिला किंवा फोड आला, तर त्या पायाचा स्प्लिंट बंद. आधी तपासा: पांढरा मोजा घाला, स्प्लिंटच्या टाचेत ओल्या कुंकवाचा ठिपका लावा, पट्टे बांधून दहा पावलं चालवा. मोज्याच्या टाचेला डाग उठला नाही तर टाच बसतच नाहीये. तसं असेल तर गुडघा वाकवून घाला आणि घोट्याचा पट्टा सर्वांत आधी. मोजा लांब सुती, सुरकुती नको. स्प्लिंट ओला असेल तर पंख्याखाली वाळवा. चुलीजवळ अजिबात नको, प्लास्टिक वाकतं.

आणखी एक, हे कुणी विचारत नाही म्हणून. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी झाला? या मुलांत खुबा गुपचूप सरकतो, दुखत नसतानाही. सहा महिने ते वर्षात एकदा लागतो, आणि तो फोनवर होत नाही. कपडे बदलताना मांड्या पूर्वीइतक्या फाकत नसतील किंवा एक पाय आखूड वाटत असेल तर वाट बघू नका.

धागाकर्ती
एक्स-रे मागच्या वर्षी जूनमध्ये. कुंकवाचा डाग डाव्या टाचेला अजिबात नाही. गुडघा वाकवून घातला तरी नाही, बोटंही पुढे आलीत. आणि बॅक्लोफेन (कडकपणा कमी करायचं औषध) चार दिवसांचंच उरलंय, दुकानात नाही. मिळेपर्यंत बंद ठेवलं तर?

तिठा
बंद नाही. एकदम थांबवलं तर ताप, फिट, प्रचंड कडकपणा येऊ शकतो. आजच डॉक्टरांना फोन करा. २५ मार्चच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते फोनवरून चिठ्ठी पाठवू शकतात. चिठ्ठीचा फोटो दापोली, खेड, चिपळूण तिन्हीकडच्या दुकानांना पाठवा, मिळेल तिथून एसटीच्या पार्सलने मागवा. पुरवून वापरायला डोस मनाने कमी करू नका.

डावा स्प्लिंट लहान झालाय, तो घालू नका. नव्यासाठी प्लास्टरचं माप घ्यावं लागतं, म्हणजे जाणं आलंच. त्याच फेरीत एक्स-रे उरका. तोवर डाव्या पायाचे ताण दोनऐवजी तीनदा.