तुम्हाला लोक काय म्हणतात? मुंबईकर, चाकरमानी की अजून काही?

घाटीपाड्याची सून: काल कणकवलीहून चुलतसासूबाईंचा फोन, "चाकरमानी येतले कधी?" नवरा रिटायर होऊन घरी बसलाय, चाकरी कुठली आता! 2025 ला सरकारने सांगितलं होतं ना की चाकरमानी नको कोकणवासीय म्हणा, ते तिकडे कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही. तुमचे अनुभव लिहा.

परळचा बाळ्या: आजोबा गिरणीत साच्यावर होते, 82 च्या संपात घरी बसले ते बसलेच, पण गावात शेवटपर्यंत "मुंबैवाले". एसटीतून उतरले की पोरं बॅगेकडेच बघायची, खारी-बटर आणलं का म्हणून. खिशात दमडी नसली तरी खारी न्यायलाच लागायची

फास्ट लोकल: डोंबिवली. पुण्यात आम्ही मुंबईकर, दादरला मावशीकडे गेलो की "एवढ्या लांबून आलात, जेवूनच जा". जिल्हा ठाणे. विषय संपला 😀

परळचा बाळ्या: @फास्ट लोकल जेवायला मिळतंय ना, मग तक्रार काय

मरोळची माय: आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिश्चन. घरात मराठी, लग्नात लुगडं, आणि ऑफिसात विचारतात तुम्ही कलकत्त्याच्या का? 1887 ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी आमच्या लोकांनी हे नाव घेतलं, गोवा-मंगळूरकडच्या ख्रिश्चनांहून आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रज सरकारला कळावं आणि नोकऱ्या मिळाव्या म्हणून. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर राहून ईस्ट! आजी कधीच बोलली नाही तसं, ती म्हणायची आपण गावठाणातले

सुगरण_७७: अय्या मग तुमच्या ईस्ट इंडियन लोकांचा तो बॉटल मसाला असेल ना घरी?? विकत देता का

गिरगावची पोर: लग्न होऊन बोरिवलीला आले तर सासरी मी "टाउनवाली", म्हणजे दक्षिण मुंबईची. भाजीवाल्याशी घासाघीस केली की नणंद म्हणते, टाउनचे असून इतके चिकट? अगं चाळीतली आहे मी, दोन खोल्यांत नऊ माणसं

मरोळची माय: @सुगरण विकत नाही हो, उन्हाळ्यात घरापुरता करतो. बिअरच्या काळपट बाटल्या धुऊन वाळवायच्या आणि मसाला ठासून भरायचा, पोकळी राहता कामा नये

सुगरण_७७: फ्रिजमध्ये ठेवायचा का?

मरोळची माय: नाही नाही, अंधाऱ्या कपाटात. ओला चमचा घालू नका फक्त