पार्क स्टेडियम क्रिकेटचं का सगळ्यांचं?

कडकभाकरी: आपल्या सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमचं, म्हणजे पार्क स्टेडियमचं, स्मार्ट सिटीतून काम झालं, 2024 ला रणजीपण झाली, लय भारी वाटलं, पण आता जो उठतो तो नेता म्हणतो मैदान सगळ्या खेळांना खुलं करू, हे जमतंय का खरंच?

चादरवाला: काय बे, भाला आउटफिल्डमध्ये रुतला की खड्डा, त्यात बॉल उडून फिल्डरच्या दातावर. टर्फ विकेटला, म्हणजे पिचला, पाणी, रोलर रोजचं काम. वर सभेच्या मांडवाचे खांब ठोकले की संपलंच.

पार्कचौकची_मावशी: अहो मग पोरींनी खो-खो काय रस्त्यावर खेळायचा? कडेची जागा द्या की.

चादरवाला: कडेला चालतंय मावशी, पिचवर नको. पण भाडं किती लावणार ते एकपण नेता बोलंना बघा.