बालवर्गातली इंग्रजी फ्लॅशकार्डं: ठेवायची की काढायची?

सीताबर्डी_ताई: ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी ही चित्रांची कार्डं हवीतच. बिघडतं ते गठ्ठ्यामुळे. बाजारातला फळांचा पूर्ण संच एकदम काढला की मूल लेमन आणि मेलनमध्ये अडकतं. एका गटातले शब्द एकत्र शिकवले की गोंधळ वाढतो, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक टिंकहॅम यांच्या १९९३च्या प्रयोगात दिसलं होतं. म्हणून एका वेळी ५ नवे शब्द, तेही वेगवेगळ्या गटांतले: बॉल, रन, मिल्क, बिग, डोअर. बैठक ७ मिनिटांची. आधी नुसतं ऐकवायचं, मग ‘शो मी द बॉल’ म्हणून बोट ठेवायला लावायचं. ‘व्हॉट इज धिस?’ सगळ्यात शेवटी.

महाल_शिक्षक: ताई, तो प्रयोग मोठ्यांवरचा होता, चिमुकल्यांवरचा नव्हे. आणि ‘रन’चं कार्ड दाखवून पाहा, अर्धी मुलं ‘बॉय’ म्हणतील, कारण चित्रात मुलगाच दिसतो! क्रियापदं अंगानंच शिकवावी लागतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची पद्धत तीच: ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’ म्हणायचं, स्वतः करून दाखवायचं, मग मुलांनी करायचं. मुलं बोलली नाहीत तरी चालतं. डबा, चप्पल, संत्रं वर्गात असताना त्यांची चित्रं कशाला? मुलं नुसती चित्र पाहून नाव म्हणून राहिली आहेत, त्या शब्दाचं करायचं काय हे त्यांना कळत नाही.

सीताबर्डी_ताई: क्रियापदांचं मान्य, सर. ‘रन’ यादीतून काढते. पण हत्ती आणि पाऊस वर्गात कुठून आणायचे? शिवाय वस्तू दाखवून झाली की उजळणी राहूनच जाते. कार्डांचे ३ डबे करा: रोजचा, दिवसाआडचा, आठवड्याचा. ओळखलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. जर्मन लेखक लाइटनर यांच्या उजळणीच्या ५ कप्प्यांच्या पद्धतीचं हे छोटं रूप आहे.

धरमपेठ_पालक: एक अडचण कुणीच मांडली नाही. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि मागच्या ओळीला चित्र दिसतच नाही. मॅट लॅमिनेशन करा. वर्गासाठी ए-फोर कागदाएवढं कार्ड, घरी त्याच्या पाव आकाराचं ए-सिक्स पुरतं. चित्र मध्यावर, चित्रामागे रंग नको. एका शब्दाला निदान २-३ वेगळी चित्रं घ्या, नाहीतर लाल चेंडूच तेवढा बॉल ठरतो.

महाल_शिक्षक: २-३ चित्रं आणि डबे असतील तर हत्तीपुरती कार्डं चालतील. पण संत्र्याचं कार्ड मी नागपुरात तरी वापरणार नाही. संत्रं हातात द्या, सोलू द्या, ‘पील इट’, ‘स्मेल इट’ म्हणा. एका फळात ३ शब्द होतात.