लेकीला एमबीबीएसच्या दोन जागा लागल्या: आदिलाबाद की गडचिरोली?

आशाताई, केळापूर तालुका

नमस्कार. माझ्या लेकीला यंदा नीटमधून दोन जागा लागल्या आहेत. ऑल इंडिया कोट्यातून आदिलाबादचं रिम्स मेडिकल कॉलेज आणि राज्याच्या सीईटी सेलच्या पहिल्या फेरीत गडचिरोलीचं शासकीय मेडिकल. दोन्ही सरकारी. हाती थोडेच दिवस आहेत आणि घरात एकमत होत नाही, म्हणून इथं विचारते.

आमचं गाव पाटणबोरीजवळ. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. कापूस विकायला, लग्नाचा बस्ता बांधायला, दवाखान्याला आमच्याकडची माणसं पहिल्यापासून आदिलाबादलाच जातात. त्यामुळे यांचं म्हणणं एकच: "आदिलाबाद का परकं हाय? सकाळी डबा घेऊन निघालो का दुपारच्या आत पोरीजवळ. गडचिरोलीले काऊन धाडतं तिले?" गडचिरोली म्हणजे वणी, चंद्रपूर, मूल करत जायचं, एसटी बदलण्यातच दिवस जातो. त्यात आदिलाबादचं कॉलेज 2008 चं आणि गडचिरोलीचं 2024 ला सुरू झालेलं. माझे भाऊ म्हणतात, नव्या कॉलेजात पोरीचं नुकसान होईल, शिवाय गडचिरोलीचा भाग, पोरीनं एकटीनं राहायचं कसं?

लेकीचं मन मात्र गडचिरोलीकडं आहे. तिला तेलुगू येत नाही. ती म्हणते, आई, पेशंटशी बोलताच आलं नाही तर मी शिकू काय?

मी गावात आशा सेविका आहे. मागच्या पावसाळ्यात रात्रीच्या वेळी एका बाईला 108 मधून दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर नवीन डॉक्टर पोरगी होती, दुसऱ्या राज्यातली. ती विचारत होती कळा कधी सुरू झाल्या, आणि बाई सांगत होती, सांजपासून पोटातलं बाळ हाललं नाही. दोघींचं एकमेकींना काही समजत नव्हतं. मी मधे पडून सांगितलं तशी त्या पोरीनं लगेच ठोके पाहिले, दोन शब्द न बोलता गाडी यवतमाळकडं काढायला लावली आणि स्वतः सोबत बसली. हुशार होती, हाताला घाई नव्हती. बाळ-बाळंतीण दोघंही बरे आहेत. पण मी तिथं नसते तर किती वेळ गेला असता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लेकीचं मला पटतं. फक्त नव्या कॉलेजात शिकवायला माणसं असतील का, पेशंट येतील का, हे कोणाला विचारावं ते कळत नाही. आपल्यापैकी कोणी अशा कॉलेजात शिकलं असेल तर खरं काय ते सांगा.

नवी बॅच

काकू, आधी अभिनंदन. मी राज्यातल्या एका नव्या शासकीय कॉलेजच्या सुरुवातीच्या बॅचचा, सध्या इंटर्नशिप करतोय. कॉलेजचं नाव नको, पण जे झालं ते सांगतो.

पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. तिथं आम्हाला त्रास झाला. डिसेक्शनला एका टेबलाभोवती इतकी मुलं की मागच्यांना टाचा उंचावून पाहावं लागे. दोन विषयांना शिक्षक मधेच बदलून गेले, नवे यायला वेळ लागला. रात्री व्हिडिओ पाहून आम्हीच एकमेकांना शिकवलं. सिनियर नसतात हा सगळ्यात मोठा तोटा. कोणतं पुस्तक, कोणता प्रश्न, कोणत्या सरांपुढं कसं उभं राहायचं, हे सांगायला वर कोणी नसतं. गडचिरोलीचंही तेच असणार, तिथली सगळ्यात सिनियर मुलंसुद्धा अजून इंटर्नशिपला पोचलेली नाहीत.

पण वॉर्डात जायला लागलो तसं चित्र पालटलं. आमच्याकडं पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे निवासी डॉक्टर नव्हते. मोठ्या कॉलेजात टाके, कॅथेटर, गळवाचा पू काढणं निवासी डॉक्टरांच्या हातचं, इंटर्ननं रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबपर्यंत पळायचं. आमच्या हाती सगळं आलं. माझे नागपूरचे मित्र लेखी परीक्षेत माझ्या पुढं आहेत, डिलिव्हरी मी त्यांच्यापेक्षा जास्त केल्या आहेत.

तेव्हा इमारत पाहू नका. एक दिवस काढून ओपीडीच्या वेळी गडचिरोलीला जा. रांग किती आहे पाहा, वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत का पाहा, आणि तिथल्याच दुसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलींना गाठून विचारा की मेडिसिन, सर्जरी आणि गायनिकला रोज कोण शिकवतं. मुली खरं सांगतात.

पीजीचंही आत्ताच डोक्यात ठेवा. 29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पीजीला रहिवासाच्या आधारावर जागा राखून ठेवता येणार नाहीत, संस्थेच्या आधारावर मात्र वाजवी प्रमाणात ठेवता येतील. म्हणजे एमबीबीएस कुठून केलं याला वजन आलं. तिला पुढं महाराष्ट्रातच राहायचं असेल तर ही बाजू गडचिरोलीची.

किनवटची

मी तेलंगणातल्या एका सरकारी कॉलेजात ऑल इंडियातूनच आले, आता तिसऱ्या वर्षाला आहे. भाषेची एवढी धास्ती घेऊ नका काकू. लेक्चर, पुस्तकं, परीक्षा सगळं इंग्रजीत असतं. पेशंटपुरतं तेलुगू मी वर्षभरात शिकले, मेसमधल्या अक्कांनी शिकवलं म्हणा. आणि आदिलाबाद शहरात मराठी, हिंदी सर्रास चालतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एक गोष्ट मात्र खरी. दुखतं कुठं, ताप किती दिवस, एवढं विचारता येतं. पण पेशंट आपणहून जे सांगत बसतो, नवऱ्याचं, शेताचं, औषध मधेच का सोडलं त्याचं, ते अजून निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. तिथं मला मैत्रिणीकडं पाहावं लागतं. आईवडील जवळ असणं हेही लहान नाही. पहिल्या वर्षी मी खूप रडले, दर पंधरा दिवसांनी घरी जाता आलं म्हणून टिकले. तुमची लेक एकटी राहू शकते का, हे तुम्हालाच माहीत.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी

ताई, माझी बरीच नोकरी गडचिरोली जिल्ह्यात झाली, एटापल्ली आणि भामरागडकडं. भाऊसाहेबांना सांगा, कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. तिथं मुली एकट्या सायकलनं शिकवणीला जातात.

शिकायला पेशंट मिळतील का, असं तुम्ही विचारता. राज्यातल्या हिवतापाचा मोठा हिस्सा याच जिल्ह्यात असतो. सिकलसेलची मुलं हातपाय दुखत वॉर्डात येतात. पावसाळ्यात सर्पदंश. मण्यार चावलेला माणूस आणतात तेव्हा अंगावर सूज नसते, कधी जखमही दिसत नाही. रात्री खाली झोपला होता, सकाळी पोट दुखतं म्हणाला, एवढीच कहाणी असते. आणि मग बोलता बोलता त्याच्या पापण्या खाली यायला लागतात. हे ज्या विद्यार्थ्यानं एकदा खाटेजवळ उभं राहून पाहिलं, तो पुढं कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात तो माणूस घालवणार नाही. पुस्तकात यासाठी चार ओळी आहेत.

आणखी एक सांगतो, कारण तुम्ही आशा आहात. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुम्ही घरी जाता, झोळीत घालून वजन करता, अंग गार आहे का पाहता. ते काम गडचिरोलीच्या खेड्यांत उभं राहिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवलं आणि तिथले नवजात बालकांचे मृत्यू 60 टक्क्यांहून जास्त कमी झाले. 1999 ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढं देशभरच्या आशांच्या कामात आलं. दोघंही नागपूरच्या मेडिकलचे, म्हणजे जुन्या, मोठ्या कॉलेजचे. तेव्हा जुनं कॉलेज वाईट असं मी म्हणत नाही. पण आदिलाबाद आणि गडचिरोली यांत निवडायचं, आणि मुलगी स्वतः गडचिरोली म्हणते, तर तिला अडवू नका. साडेचार वर्षं अभ्यास तिला करायचा आहे.

आशाताई, केळापूर तालुका

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, झोळीचं वाचून मी लेकीला हाक मारली आणि तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, हे पण ऐकत होते. मला ट्रेनिंगमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं. परवा आम्ही तिघं गडचिरोलीला जातो, ओपीडीच्या वेळेला. यांनी आपणहून गाडी सांगितली.

आता कागदांचं सांगा, आम्ही ओबीसीतले. आदिलाबादला नाही गेलो तर भरलेले पैसे बुडतील का? आणि दोन्हीकडं नाव ठेवता येतं का?

नवी बॅच

दोन्हीकडं नाही ठेवता येत काकू, ओरिजिनल कागद एकाच ठिकाणी जमा होतात. ऑल इंडियाची ही पहिली फेरी असेल तर फ्री एक्झिट असतो, जॉइन केलं नाही तरी अनामत जात नाही. ओबीसीला ती पाच हजार आहे. दुसऱ्या फेरीत लागलेली जागा सोडली तर मात्र जप्त होते. आदिलाबादला "पाहू तर खरं" म्हणून कागद जमा करू नका, मग राजीनाम्याच्या मुदती सांभाळत बसावं लागतं.

गडचिरोली पक्कं झालं आणि पुढच्या फेऱ्यांत बदल नकोच असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. पण चंद्रपूर किंवा यवतमाळ मिळालं तर हवं असेल तर तो भरू नका. हे तिच्याशी बोलून घ्या, वर लागलं की खालची जागा आपोआप जाते.

2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना राज्यात शिक्षण शुल्क माफ आहे, त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. एक वर्षाच्या सेवेचा बॉण्ड लिहून द्यावा लागेल, मोडला तर दहा लाख. जातवैधता आणि नॉन क्रिमीलेयरची तारीख आजच तपासा, नॉन क्रिमीलेयरचं काही कमी असेल तर परवा निघण्याआधी उद्या तहसीलला जाता येईल.