खजुराचे लाडू ‘शून्य साखर’ कसे?

कृष्णाकाठची (सांगली):
काल आपल्या या गटावर डिंक-खजुराच्या लाडवांचा फोटो आला. खाली लिहिलेलं, ‘शून्य साखर, मधुमेह असणाऱ्यांनीही पोटभर खा.’ त्यावर लाल बदामाच्या इमोजींचा नुसता पाऊस. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सासूबाईंना पंधरा वर्षं शुगर आहे. संक्रांतीचा हलवासुद्धा दाणे मोजून तोंडात टाकणारी बाई. गेल्या दिवाळीत नात्यातून असेच लाडू आले, डब्यावर ‘शुगर फ्री’ची चिठ्ठी. मग काय, सकाळी दोन, चहाला एक, रात्री दुधाबरोबर एक. चौथ्या दिवशी गरगरायला लागलं म्हणून बोटाला सुई टोचली, मशीनवर ३१२. रडवेल्या होऊन म्हणाल्या, “अगं, मी साखर कुठं खाल्ली?”

खजुरात शंभर ग्रॅममागे साठ-सत्तर ग्रॅम साखरच असते. गुळाचंही तेच, साखरेच्या साधारण ४०० कॅलरी तर गुळाच्या ३८०. लाडू जरूर करा, आम्हीही करतो. पण ते वाक्य काढा.

पौष्टिक घरचं (सातारा):
फोटो माझाच आहे ताई. सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण ते लाडू माझे नव्हते. मी पहाटे उठून एकेका खजुराची बी काढते. डिंक तुपात चिमूट चिमूट सोडते, एकदम घातला की वरून फुलतो, आत खडा राहतो आणि दाताखाली कचकन येतो. मैदा नाही, डालडा नाही, रंग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली, ती वरून घातलेल्या साखरेची, मधाची, फळांच्या रसाची. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत. कंदी पेढ्यांच्या गावात मी खजूर विकते, आणि धरायचं मलाच? शेंगदाण्याच्या लाडवाला गूळ लागतो, तोही मी काळा सेंद्रियच घेते. पिवळा गूळ म्हणजे निव्वळ विष.

कृष्णाकाठची (सांगली):
संघटनेच्या मोजणीत नसेल, रक्तात तर येते ना? तीस ग्रॅमच्या लाडवात निम्मा खजूर धरला तरी दहा ग्रॅम साखर झाली. चार लाडवांत चाळीस, म्हणजे चहाचे आठ चमचे.

गुऱ्हाळघर (कराड):
लाडवाचं तुमचं तुम्ही बघा. पण ताई, विष कुणाला म्हणताय? आमच्या आज्यापासनं गुऱ्हाळ हाय. रात्री दोनला काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, चुलवाणावर चढते. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचा, वर मळी येते ती झाऱ्यानं काढत बसायचं. गूळ रांधणारा गुळव्या पाक पाण्यात सोडून बोटानं गोळी करून बघतो, तवा कुठं काहील गार करायच्या वाफ्यात उतरते. टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. आणि काळा म्हणजे सेंद्रिय हे कुणी सांगितलं तुम्हाला? क्षारपड रानातल्या उसाचा गूळ काळाच निघतो, वर खारट. पाक जास्त झाला तरी काळा. चांगल्या रानातला ९२००५ जातीचा ऊस असला तर काही न घालता सोनेरी येतो.

माहेर वाई:
दादा, मग गूळ पिवळा दिसावा म्हणून ते हायड्रोस नावाचं रसायन कोण टाकतं? आमच्या घरी ढेप आणली, केशरासारखी पिवळी. पावसाळ्यात तीच ढेप तपकिरी पडून पाझरायला लागली. बासुंदीत घातला तर दूध फाटलं. नैवेद्याचं ताट तसंच राहिलं. सणाच्या दिवशी माझ्या आईच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलंय.

गुऱ्हाळघर (कराड):
दूध उकळत असताना गूळ घातला की कुठलाबी गूळ असू दे, दूध फाटू शकतं. खाली उतरून कोमट झाल्यावर घालायचा. हे आमच्यावर ढकलू नका.

माहेर वाई:
स्वयंपाक मला शिकवू नका. हायड्रोसचं उत्तर द्या.

गुऱ्हाळघर (कराड):
देतो. टाकतात. काही जण साखरही मिसळतात, ती स्वस्त पडते म्हणून. मी स्वतः दोन सीझन हायड्रोस टाकलंय, लपवत नाही. का टाकलं? बिगरहायड्रोसचा गूळ सौद्याला नेला की व्यापारी ढेप फोडून रंग बघतो आणि भाव पाडतो. तुम्हीच दुकानात पिवळी ढेप बोटानं दाखवता. आता बंद केलंय. तीन वर्षं झाली, निम्मा माल अजून ओळखीत घरोघरी विकतो.

तासगावचा मास्तर:
या भांडणात आपला बेदाणा कुणाला आठवतो का? सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि लाडवाला खजूर बाहेरचा! मुलं द्राक्षबागेत राबतात आणि आपण अरबस्तान खातो.

कृष्णाकाठची (सांगली):
मास्तर, बेदाण्यातही साखर तेवढीच. आणि पिवळाधमक दिसावा म्हणून त्यालाही गंधकाची धुरी देतातच की.

तासगावचा मास्तर:
ती हिरव्या-पिवळ्याला. काळ्या बेदाण्याला देत नाहीत. साखरेचं मान्य.

माहेर वाई:
गूळ लोहासाठी खा म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. माझ्या बहिणीने डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून गूळ-शेंगदाणे धरले. हिमोग्लोबिन साडेनऊचं आठवर आलं. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. लाडवातल्या दहा ग्रॅम गुळाने काय होणार?

पौष्टिक घरचं (सातारा):
लोहाचं मी कधीच लिहिलं नाही, ते माझ्या माथी मारू नका. पण आठ चमचे वाचल्यावर काल रात्री काटा काढून लाडू तोलले. चौतीस ग्रॅम भरतात. आजपासून पंचवीसचे वळते आहे. ‘पोटभर’ आणि ‘मधुमेह’ दोन्ही शब्द काढले, ‘शून्य साखर’ही काढलं. ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढं राहील, कारण खरंच घातलेली नाही. ताई, सासूबाईंची शुगर आता किती आहे?

कृष्णाकाठची (सांगली):
उपाशीपोटी १४०. त्यांना खपली गव्हाची खीर आवडते, रविवारी अर्धी वाटी देते, गूळ नावाला.

गुऱ्हाळघर (कराड):
आणि ‘विष’ कधी काढणार?

पौष्टिक घरचं (सातारा):
हायड्रोसवाल्याला लागू आहे, तुम्हाला नाही. तुमची एक ढेप पाठवा, बघते.

गुऱ्हाळघर (कराड):
सोनेरी आली तर परत पाठवणार नाही ना?