क्लोजिंग: चार हजार खाती, सुरुवात कुठून करू?

नवखा_कारकून:
नमस्कार मंडळी. सीए फर्म सोडून चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात अकाउंट्सला लागलोय. पहिलंच मार्च क्लोजिंग. सॅपमधून (आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) ट्रायल, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, काढली तर चार हजारांवर खाती! साहेब म्हणतात, बॅलन्स शीटच्या प्रत्येक खात्याची बाकी कशी आली ते कागदावर दाखव. ट्रायल तर टॅली आहे. मग दाखवू काय?

जुनी_वही:
ट्रायल टॅली म्हणजे नावे-जमा सारखे, एवढंच. दुरुस्तीचं बिल मशिनरीत टाकलंत तरी ती टॅलीच राहणार.

क्रेडिटर्सपासून, म्हणजे ज्यांचे पैसे आपण देणं आहोत त्यांच्यापासून धरा, सगळा गाळ तिथे साचतो. समजा, आकडे कोटींत: १ एप्रिलची बाकी ४२.६०, वर्षाची बिलं ३१८.४०, टीडीएस धरून दिलेले ३०९.७५, डेबिट नोटा (परत पाठवलेला माल वगैरेसाठी बिलातून कापलेले) ३.१५. राहिले ४८.१०. खात्याशी जुळलं? लगेच खूश होऊ नका. पार्टीवार यादी काढा. तिच्यात ५१.३० जमा आणि ३.२० नावे निघतील. ते ३.२० म्हणजे कुणाला दिलेला ॲडव्हान्स, कुणाला चुकून दोनदा गेलेले पैसे. ताळेबंदात ५१.३० देण्यांत आणि ३.२० मालमत्तेत जातात. मी पहिल्या वर्षी सरळ ४८.१० ही वजाबाकीच दाखवली होती. ऑडिटरने पहिल्याच दिवशी धरलं.

दुपारचा_चहा:
वहीकाका बरोबर बोलतायत, पण मी असते तर आधी जीआर-आयआर उघडलं असतं, म्हणजे माल आला पण बिल चढलं नाही अशा नोंदींचं खातं. २८ मार्चला माल गेटात आला, बिल आलं ६ एप्रिलला. स्टॉक चढलाय, देणं मात्र या खात्यात लटकतंय. दोन-दोन वर्षं जुन्या ओळी सापडतील. आमच्याकडे एकदा स्टोअरने किलोत घेतलेला माल बिलात नगांत होता, ती ओळ मिटवायला तीन डिपार्टमेंट फिरले.

नवखा_कारकून:
ताई, आणि डॉलरमधली बिलं?

दुपारचा_चहा:
बाकी असलेलं बिल ३१ मार्चच्या दराने. १ लाख डॉलरचं बिल ८४ ने चढवलंय आणि दर ८५.५० झाला, तर दीड लाखाचा तोटा नफा-तोट्यात. पण मालासाठी दिलेल्या ॲडव्हान्सला हात लावायचा नाही. इंड एएस २१ (परकी चलनाचं अकाउंटिंग स्टँडर्ड) प्रमाणे तो जुन्याच दराने राहतो. सॅपमध्ये तो वेगळ्या खात्यात नसेल तर रिव्हॅल्युएशनच्या रनमध्ये (बाक्या नव्या दराने बदलताना) तोही ओढला जातो, तेवढं बघ.

जुनी_वही:
आणि एमएसएमई, म्हणजे लघुउद्योग पार्ट्यांवर आत्ताच खूण करा. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये (ताळेबंदाचा नमुना) त्या वेगळ्या दाखवाव्या लागतात, तेही देणं किती वर्षं जुनं त्या गटांत. मे महिन्यात उद्यम सर्टिफिकेटं (एमएसएमई नोंदणीची) मागत बसाल तर कुणी फोन उचलत नाही.

नवखा_कारकून:
यादी काढली काका. एकच पार्टी दोन कोडवर आहे. एकात १८ लाख जमा, दुसऱ्यात १८ लाख नावे! सेट-ऑफ मारू, म्हणजे एकमेकांत वळवून टाकू?

जुनी_वही:
थांबा. पॅन एकच आहे का बघा आणि त्यांच्याकडून बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे त्यांच्या वहीतली बाकी लेखी, मागवा. बिल एका कोडवर आणि पेमेंट दुसऱ्यावर गेलेलं दिसतंय.