पुलाचा एफआयआरआर (फायनान्शियल परताव्याचा दर) मायनस येतोय, ईआयआरआर (इकॉनॉमिक परताव्याचा दर) काढला तर चालेल का? फरक नीट समजवा

खाडीकाठ_सिव्हिल
नमस्कार मंडळी. कन्सल्टन्सीत लागून दीड वर्ष झालं, आणि आमच्याच तालुक्यातल्या खाडीवरच्या पुलाचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) माझ्याकडे आलाय. खर्च 24 कोटी. आत्ता गाडीने पलीकडे जायचं तर 22 किमीचा वळसा, पूल झाला की 4 किमी. बिनगाडीची माणसं होडीने जातात, ओहोटी असली की अलीकडेच उतरून गुडघाभर चिखलातनं चालत, शाळेची पोरं चपला हातात आणि दप्तर डोक्यावर. टोल लागणार नाही म्हणजे उत्पन्न शून्य, एनपीव्ही (आजच्या किमतीत फायदा वजा खर्च) सरळ मायनस. सीनियर म्हणाले फायनान्शियल सोड, इकॉनॉमिक कर. पण मराठीत दोन्ही "आर्थिक"च ना, मग नक्की बदलतं काय? आकडे फिरवून पूल पास करायचा असं तर नाही ना, ते मला जमणार नाही.

मुरूम_खडी
आकडे फिरवणं अजिबात नाही, प्रश्नच वेगळा आहे. फायनान्शियल म्हणजे वित्तीय, पैसे घालणाऱ्याच्या खिशात परत किती येतात ते. इकॉनॉमिक म्हणजे सगळ्या समाजाचं मिळून काय वाचलं आणि काय खर्ची पडलं. म्हणून खर्चातनं जीएसटी, रॉयल्टी असले कर काढायचे, कारण तो पैसा या खिशातनं त्या खिशात गेला, सिमेंट-लोखंडासारखा वापरून संपला नाही. डीपीआरमध्ये बरेच जण सरसकट 0.9 ने गुणतात, तुमचे 24 कोटी होतील 21.6.

आता फायदा बघा. समजा रोज 600 गाड्या वळसा घेतात, 18 किमी वाचले, किमीला कर वगळून 8 रुपये धरा, म्हणजे दिवसाला 86,400 आणि वर्षाला साधारण 3.15 कोटी. 20 वर्षं, 12 टक्के डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या पैशाचं मोल दर वर्षामागे या दराने कमी धरायचं), आजची किंमत साडेतेवीस कोटीच्या आसपास. म्हणजे माणसांचा वेळ न धरताच 21.6 च्या वर गेलात (देखभाल आणि बांधकामाची वर्षं मी सोडलीयत, ती तुम्ही घाला). पण गाड्या 20 टक्के कमी निघाल्या तर तेच 18.8 वर येतं, बीसी रेशो (फायदा भागिले खर्च) एकच्या खाली. सगळं गाड्यांच्या काउंटवर उभं आहे. एका दिवसाच्या काउंटवर सही करू नका, सलग सात दिवस, चोवीस तास करा आणि बाजाराचा वार त्यात आला पाहिजे. आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी 30 हे मॅन्युअल जवळ ठेवा, त्यात गाडीखर्च आणि वेळेची किंमत दोन्ही आहे.

पूल झाल्यावर ज्या नव्या फेऱ्या सुरू होतील त्यांचा फायदा अर्धाच धरायचा. आणि जमिनीचे भाव वाढतील ते पुन्हा फायद्यात घालू नका, ते वाचलेल्या वेळेचंच दुसरं रूप आहे, दोनदा मोजलं जातं. हा घोळ फार रिपोर्टांत बघितलाय.

पाटबंधारे_निवृत्त
मुरूमरावांचं बरोबर आहे. आमच्याकडे धरणाला बीसी रेशो 1.5 लागायचा पण अवर्षणप्रवण भागात 1 चालायचा, म्हणजे दुष्काळी तालुक्यातल्या माणसाच्या पाण्याला सरकारनेच जास्त मोल दिलं होतं. मी तेव्हा एक शिकलो, फायदा कागदावर धरताना शेवटच्या चारीपर्यंत पाणी जाणार असं गृहीत धरलं जातं आणि प्रत्यक्षात टेलचा शेतकरी कोरडाच राहतो. तुमच्या पुलाचं तेच, जोडरस्ता झाला नाही तर 18 किमी वाचणारच नाहीत. जोडरस्त्याचा खर्च 24 कोटीत आहे का बघून घ्या आधी.

रोहा_मंगळूर
जरा उलट बाजू. कोकण रेल्वे घ्या, 1990 ला कॉर्पोरेशन, 1998 ला पूर्ण लाइन सुरू. पैसा मोठ्या प्रमाणात कर्जरोख्यांतून आला, व्याज चढत गेलं आणि अपेक्षेइतकी मालवाहतूक आली नाही. आम्हाला गावी जायला एसटीत रात्र काढावी लागायची ती वाचली, आजारी माणूस मुंबईला न्यायची सोय झाली, पण तो फायदा कॉर्पोरेशनच्या खात्यात जमा होत नाही ना. त्यामुळे ईआयआरआर छान आला म्हणून वित्तीय प्रकरण गाळू नका. मेट्रोला 2017 च्या धोरणात किमान 14 टक्के ईआयआरआरची अट घातली, तरी हप्ते कोण भरणार ते वेगळं दाखवावंच लागतं. तुमच्या पुलाला दर पावसाळ्यानंतर डागडुजी कोण करणार, कुठल्या बजेट हेडमधून, ते लिहा.

खाडीकाठ_सिव्हिल
खूप आभार सगळ्यांचे. जोडरस्ता बघितला, पलीकडच्या बाजूचे 900 मीटर 24 कोटीत नाहीयेत! उद्याच सीनियरना सांगतो. काउंट सात दिवसांचा करतोय, मंगळवारचा बाजार धरून, आणि धक्क्यावर माणूस बसवून होडीतली माणसं पण मोजतो. एकच विचारायचं राहिलं, दोन होडीवाले आहेत, पूल झाला की त्यांचं पोट जाणार. ते कुठे धरायचं?

मुरूम_खडी
होडीचं डिझेल आणि दुरुस्ती वाचली ती फायद्यात येते. त्यांची मजुरी मात्र लगेच फायदा म्हणून धरू नका, दुसरं काम मिळेल तेव्हाच ती वाचली म्हणायची. आणि कोणाला फायदा कोणाला तोटा असं वेगळं पान जोडा, त्यात या दोन घरांचं नुकसान रुपयांत लिहा आणि भरपाईची रक्कम वित्तीय खर्चात दाखवा. 24 कोटीत ती जाणवणारही नाही, पण लिहिली नाही तर मिळणार नाही.